साठावं पाऊल

बुवांच्या गळ्याचं ऑपरेशन होऊन तीन महिने झाले होते, आणि उद्या सभागृहात त्यांचं कीर्तन होतं. शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचला नाही, तर यापुढे पुतण्याच उभा राहील, असं त्यांनी स्वतःच चारचौघांत सांगून टाकलं होतं. पुतण्या भला होता. फक्त देवाचं नाव हजेरी घेतल्यासारखं घ्यायचा.

संध्याकाळी नवराबायको नेहमीप्रमाणे कड्यावर फिरायला निघाली. वसंतातला वारा असा सुटला होता, की खडकांच्या फटींतली नवी पिवळी फुलं जमिनीला कान लावून होती.

रीत तीस वर्षांची. बुवा काळ्या खडकाला टेकून वाऱ्याकडे तोंड करून गायचे, बाई समोर साठ पावलं जाऊन थांबायच्या. सभागृहाची शेवटची रांग तेवढीच लांब. शब्द कळला की हात वर.

बाई थांबल्या. बुवांनी डोळे मिटले, देवाला आठवलं, श्वास भरला. तेवढ्यात खाली लाट फुटली आणि तुषार थेट तोंडावर. त्यांनी चेहऱ्यावरचं खारं पाणी निपटलं, चष्मा पुसून पुन्हा घातला.

साठाव्या पावलावर हात वर होता. चांगला ताठ.

बुवा चालत तिथवर गेले. "काय ऐकू आलं?"

"सगळं. अगदी स्वच्छ."

"मी अजून तोंड उघडलं नव्हतं."

बाईंनी हात खाली घेतला. "म्हटलं, उघडलं असेल एव्हाना."

"आणि काल?"

"काल उघडलं होतं की."

"ऐकू आलं होतं?"

"अहो, समुद्र किती गाजत होता काल."

बुवा खडकावर बसले. "खरं सांग. कुठवर पोचतो?"

"तीस पावलं."

"मग संपलं. पुतण्याला कळवतो."

"कशाला? सकाळीच सभागृहाच्या शिपायाला सांगून आले. मागच्या खुर्च्या काढल्यात त्यानं. शेवटची रांग आता तिसाव्या पावलावर आहे."

"आणि माणसं?"

"बसतील दाटीवाटीनं. देवाच्या दारात कुणाला ऐसपैस बसायचंय?"

बुवांनी विचार केला. शब्द त्यांनी शेवटच्या रांगेचा दिला होता. ती कुठे असावी, याबद्दल ते काहीच बोलले नव्हते.

"चल, तीस मोज," ते उठले. "आणि हात मी गायल्यावर."

पहिल्या ओळीला बाईंचा हात शालीतच राहिला. दुसऱ्या ओळीला वर आला.