गाडीचं दावं

दशरथ ठोंबरे रिटायर झाला आणि महिना उलटायच्या आत त्याने मर्सिडीज मोडीत काढली, अशी बातमी कुंभिवलीत पसरली. मोडीत वगैरे काही काढली नव्हती. ती देऊन बदल्यात दुसरी गाडी घ्यायची ठरवली होती, एवढंच. पण गावाला कारण लागतं आणि मिळालं नाही तर गाव ते तयार करतं. नाक्यावरचा चहावाला म्हणाला, पेट्रोल परवडंना झालं असंल. देवळाच्या पारावर बसणाऱ्यांनी त्याच्या पुढे जाऊन सांगितलं की पुण्यात राहणाऱ्या त्याच्या पोराने, अक्षयने, हट्ट धरला. दशरथ सगळ्यांना एकच उत्तर द्यायचा, "एवडी लांब गाडी आता वळवायची कुनी रं?" आणि लोक माना डोलवायचे.

खरं कारण त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं, कारण ते सांगायची त्याला लाज वाटत होती. त्याला बायकोला शेजारी बसवून फिरायचं होतं.

आता यात लाजण्यासारखं काय, असं कुणी म्हणेल. पण विमल त्या गाडीत कधी बसलीच नव्हती. अकरा वर्षं गाडी दारात उभी होती आणि त्या अकरा वर्षांत तिने एकदाही आत पाऊल ठेवलं नव्हतं.

ओढ्याकाठची भाताची खाचरं गोदामवाल्या कंपनीला गेली, तेव्हाची ही गाडी. गावात तेव्हा ज्याच्या त्याच्या हातात पैसा खेळत होता. कुणी घरावर मजले चढवले, कुणी डंपर घेतले, कुणी काहीच केलं नाही आणि तरी त्यांचा पैसा संपला. दशरथने श्रद्धाचं, म्हणजे लेकीचं, लग्न लावलं, घरावर स्लॅब टाकला आणि उरल्या पैशात एका मुंबईकराची वापरलेली काळी मर्सिडीज घेतली. त्या माणसाचं कर्जतला फार्महाऊस होतं, आणि गाडीचा त्याला कंटाळा आला होता. लोकांनी दशरथला वेड्यात काढलं. पण दशरथ साजगावच्या कारखान्यात हेल्पर म्हणून लागला होता, आणि सुपरवायझर होईपर्यंतची सगळी वर्षं साहेबांच्या गाड्या आल्या की सायकल कुंपणाला दाबून उभा राहिला होता. मर्सिडीज घेऊन तो पहिल्यांदा गेटवर गेला, तेव्हा वॉचमन नागूने कडक सलाम ठोकला, आणि काच खाली झाल्यावर "आयला, तू व्हय," म्हणून कपाळाला हात लावला. तो एक सलाम दशरथला पुढे कित्येक वर्षं पुरला.

गाडी त्याने जिवापाड जपली. दर रविवारी आधी ओल्या फडक्याने, मग कोरड्याने. पावसाळ्यात ताडपत्री. कुणाच्या पोराने बोनेटवर हात टेकला तरी हा फडकं घेऊन धावायचा. आणि विमलला बस म्हटलं की ती म्हणायची, "लय खाली हाय ती. बसले तर उटवायला चार मानसं लागतील. माजी कंबर धरते."

पहिल्या वर्षी त्याला वाटलं, रुसली आहे. जमीन विकायला ती नको म्हणाली होती. पण सातबाऱ्यावर तिचं नाव नव्हतं, त्यामुळे तिचं नको म्हणणं कुणी फारसं मनावर घेतलं नाही; दशरथनेही नाही. रुसवा आज ना उद्या जाईल म्हणून तो थांबला. मग तिची कंबर खरोखरच दुखायला लागली, डॉक्टरने पट्टा दिला, आणि दशरथने सगळा दोष कंबरेवर टाकून दिला. तसं करणं त्याला सोयीचंही होतं. लग्नाकार्याला तो मर्सिडीजने पुढे जायचा आणि ती मागून मिनिडोरमध्ये, सहा जणांच्या रिक्षात दहा जण कोंबलेले, त्यात अंग चोरून. मांडवात लोक चेष्टा करायचे, "दशरथराव फस्क्लासनं आलं, वैनी येत्यात जनरलनं." तोही हसायचा. हसण्यावारी नेलं की विषय संपायचा.

कारखान्याने शाल, नारळ दिला आणि निरोप दिला. त्या दिवशी घरी येऊन तो झोपला तो दुसऱ्या दिवशी दुपारी उठला. तीन पाळ्यांनी इतकी वर्षं त्याची झोप खाल्ली होती, आणि आता ती वसूल होईना. दुपार दुपार तो ओटीवर बसून राहायचा. पाय सुजायचे. विमल तिची कामं करत आतबाहेर करायची, चहा आणून ठेवायची, कप उचलून न्यायची. दोघांत बोलायला काही उरलंच नव्हतं असं नाही, पण सुरुवात कुठून करायची ते दोघांनाही सापडत नव्हतं. गाडीत शेजारी बसलेली माणसं न बोलताही सोबत असतात, असं त्याला वाटायचं. नेरळला लेकीकडे जावं, कर्जतच्या बाजारात उतरून उगाच भाजी घ्यावी, कुठेतरी थांबून वडापाव खावा. तो दमला होता, आणि एकट्याने दमायचं त्याला नको होतं.

म्हणून त्याने उंच गाडी शोधली. छोटी, पण दार उघडलं की खुर्चीत बसावं तसं बसता येईल अशी.

"तुझ्या कंबरेसाठी घेतोय," तो म्हणाला. विमल सुपात तांदूळ निवडत होती.

"आनि ही?"

"ही त्यांना द्यायची. बदल्यात."

तिचा हात थांबला. मग तिने एक खडा वेचून बाजूला टाकला आणि म्हणाली, "बरं." दशरथला वाटलं होतं, ती जरा तरी खूश होईल.

गाडी द्यायच्या दिवशी सकाळी ती ताट घेऊन बाहेर आली. बोनेटला हळदकुंकू लावलं, तांब्यातलं पाणी चारी चाकांवर घातलं, आणि बाजूला होऊन उभी राहिली. दसऱ्यालाही ती हे करायचीच, त्यामुळे त्याने मनावर घेतलं नाही. आरशात ती गेटपाशी उभी दिसत राहिली, वळण येईपर्यंत.

शोरूम खालापूरच्या अलीकडे, हायवेला लागून. तिथला धनेश खालापूरचाच, बोलायला गोड. त्याने गाडीभोवती फेऱ्या मारल्या, खाली वाकून पाहिलं, कागद लावून घेतले, सह्या घेतल्या. मग विचारलं, "काका, दुसरी चावी?"

"घरी असेल."

"ती लागेल हो. एकच चावी असली की पुढचं गिऱ्हाईक शंका घेतं आणि भाव पाडतं. आज गाडी राहू दे इथंच. उद्या चावी आणा आणि नवीन गाडी घेऊन जा."

दशरथ मिनिडोरने घरी आला. किती वर्षांनी बसला होता कोण जाणे. एका बाईची मासळीची पाटी त्याच्या गुडघ्यांना लागत होती आणि मागून कुणाचा तरी कोपर. खड्डा आला की टाळू टपाला लागायची. विमल हे सगळं इतकी वर्षं काढत आली, हे त्याला ठाऊक होतं. पण ते अंगाला लागलं ते त्या दिवशी.

घरी विमल नव्हती, गिरणीवर गेली होती. त्याने कपाट उलथंपालथं केलं, देव्हाऱ्याखालचा खण पाहिला, पत्र्याची पेटी पाहिली. चावी नाही. शेवटी मागच्या पडवीत गेला, कारण तिथे जुन्या वस्तूंचा डबा असतो. डब्यात नव्हती. मान वर केली तर समोर खुंटीवर होती.

त्या खुंटीला बैलांची दावी होती. या भागात बैल विकतात, पण दावं विकत नाहीत. घेणाऱ्याने आपलं दावं आणायचं. बैलाच्या पायांवर पाणी घालून त्याला निरोप द्यायचा, जुनं सोडून घ्यायचं आणि घरी टांगायचं. तसं नाही केलं तर बैलापाठोपाठ घरातली लक्ष्मी चालती होते म्हणतात. ठोंबऱ्यांची शेवटची जोडी गेली तेव्हा विमलनेच दोन्ही दावी सोडून घेतली होती. त्यांतल्या एकाच्या टोकाला आता मर्सिडीजची चावी बांधलेली होती. पक्की, दोन गाठी मारून.

दशरथ खाली पायरीवर बसला. त्याला कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती. त्याचा बापही असाच दावी राखायचा.

विमल पिठाचा डबा घेऊन आली आणि त्याला तिथे बसलेला पाहून थांबली.

"ती चावी लागते गं त्यांना," तो म्हणाला.

"नाय मिळनार."

"विमल, ती गाडी हाय. बैल नाय."

"जमीन दिली तवा काय ठेवलंत तुमी?" तिने डबा खाली ठेवला. आवाज चढला नव्हता. "मूठभर माती तरी आनली घरी? सह्या केल्या आनि आलात. मी सांगत व्हते, निदान बांदावरचं आंब्याचं रोप तरी उपटून आना. दुसऱ्या दिवशी जेसीबी लागला."

ते खरं होतं.

"त्या जमिनीची ती गाडी आली," ती म्हणाली. "मला वाटायचं, बरं हाय, दारात हाय. आपलं काय तरी अजून दारात हाय. दसऱ्याला मी गाडीला पुजत व्हते व्हय? खाचरांना पुजत व्हते मी."

"मग बसत का नव्हतीस?"

ती उंबऱ्यावर टेकली. तीही थकली होती. ते त्याला त्या क्षणी फार जवळून दिसलं. "तिच्यात बसून लगनाला गेले असते, तर जमीन गेली आनि मी गाडीत फिरते, असं झालं असतं. माज्यानं नाय झालं. कंबरेचं आपलं सांगायला बरं व्हतं."

"मला बोलायचं तरी."

"तुमी इचारलंत कवा? तुमी म्हनायचा, बस. मी म्हनायचे, कंबर. तेवड्यावर झालं आपलं."

मागच्या शेतावर आता गोदामाची पत्र्याची भिंत होती, आणि तिच्यावर सूर्य उतरला की पडवीत डोळे दिपायचे. दोघं डोळे बारीक करून तसेच बसून राहिले. दशरथला फार वाईट वाटलं. अकरा वर्षं तो जिला पुसत होता आणि ही जिला पुजत होती, त्या एकाच गोष्टीवरून दोघं एकमेकांपासून लांब बसले होते. आणि ती गोष्ट आता त्याने स्वतःच्या हाताने नेऊन दिली होती, तिच्याचसाठी.

"उद्या जातो आनि परत आनतो," तो म्हणाला. "सौदा मोडतील. नाय मोडला तर भांडेन."

"नको." ती म्हणाली. "तुमाला वाकून चाकं पुसवत नायत आता. मी बगते ना रविवारी. उठताना भिंत धरता. उद्या ती दारात गंजत बसंल, ते बगायचं का? पानी घातलं मी तिच्या पायांवर. जाऊ दे तिला. फकस्त दावं नाय देनार."

दुसऱ्या दिवशी त्याने धनेशला सांगितलं, चावी हरवली. धनेशने हळहळ व्यक्त केली, चावीपोटी थोडी रक्कम कापली आणि दशरथने वाद घातला नाही. मर्सिडीज मागच्या आवारात होती. तिला धुऊन काढलं होतं. बोनेटवरचं हळदकुंकू गेलं होतं आणि काचेवर पांढऱ्या रंगाने कुठलासा आकडा घातला होता. दशरथ जवळ गेला, पण हात लावला नाही. तिथल्या पोरांनी नवीन गाडीला हार घातला, त्याच्या हातात पेढे दिले, मोबाईलवर त्याचा फोटो काढला. फोटोत हसा म्हणाले, तर तो हसलाही.

घरी आला तेव्हा शेजारपाजारचे दोघंचौघं पाहून गेले. बरी आहे, म्हणाले. विमल बाहेर आली ती रिकाम्या हातांनी. दशरथने इकडेतिकडे पाहिलं.

"ताट नाय आनलंस?"

"आनते सवडीनं. काय घाई हाय?"

मग तिने स्वतःहून पुढचं दार उघडलं आणि आत बसली. त्याने हात पुढे केला होता, पण तिला तो लागला नाही. पदर आवरला, सीटचा पट्टा कसा लावायचा ते विचारून लावून घेतला आणि समोर बघत राहिली. दशरथ दुसऱ्या बाजूने आत आला. इतकी वर्षं ज्या घडीची वाट पाहिली ती आली होती.

"कुठं जाऊ या?" त्याने विचारलं. "श्रद्धाकडं? का कर्जतला?"

"कुटं बी न्या," विमल म्हणाली. "या गाडीचं मला काय वाटत नाय."

तिने ते रागाने म्हटलं नव्हतं. ती पाठ टेकून आरामात बसली होती, आणि त्याला एवढंच तर हवं होतं. त्याने गाडी सुरू केली आणि कर्जतच्या रस्त्याला घेतली.