चांदीच्या बकलांचा ठसा

मित्रांनो, मी एक जुना ठसा आहे. दुकानात विकत मिळणारा नव्हे, घरी घडवलेला. कमरेच्या पट्ट्याची चांदीची बकले माझ्यावर तयार व्हायची. माझ्या पोटात घोड्याचे तोंड उलटे कोरलेले आहे. चांदीचा मऊ पत्रा माझ्यावर ठेवायचा, त्यावर माझा जोडीदार, म्हणजे वरचा ठोकळा बसवायचा आणि वरून घण घालायचा. मार खाणे हाच माझा धंदा. तेव्हा माझी गोष्ट काही गोडगुलाबी असणार नाही, हे आधीच सांगून टाकतो.

मी मुळात एका ट्रकचा ॲक्सल. ट्रक भिंतीवर आदळला, मी मोडलो आणि भंगारात जाऊन पडलो. तिथून मला दादाने उचलून आणले. दादा चांदीचा कारागीर, हात कसबी आणि डोके भडकू. त्याने मला करवतीने कापले, भट्टीत घालून मऊ केले आणि अकरा दिवस छिन्नी चालवून माझे पोट कोरले. मग लालबुंद तापवून तेलात बुडवले. असे केले की पोलाद टणक होते, पण काचेसारखे ठिसूळही होते. म्हणून ते पुन्हा मंद आचेवर धरायचे, वाळल्या गवताचा रंग चढेपर्यंत. याला दादा दुसरा ताव म्हणायचा. माझ्या वेळी तो रंग चढेपर्यंत दादा जेवायलाही उठला नव्हता.

नऊ वर्षे मी घण सोसले. माझी बकले पाहून लोक दादाची पाठ थोपटायचे. मला कोण विचारतो? वरचे ठोकळे मात्र झिजायचे आणि बदलावे लागायचे. तिसरा ठोकळा दादाच्या धाकट्या भावाने केला. धाकटा तिशीचा, दादाइतकाच हुशार, पण घरात आणि कारखान्यात त्याला किंमत नव्हती. दादाचा हात त्याच्यावर येता-जाता उठायचा. धाकटा निमूटपणे सोसायचा. मीही सोसतच होतो, पण मी लोखंड होतो.

एके दिवशी सकाळी शर्यतीच्या घोड्यांचा एक मालक त्याच्या मागणीतले पहिले बकल पाहायला आला. धाकट्याने तो नवा ठोकळा तेलातून काढला होता, दुसरा ताव द्यायचा बाकी होता. तेवढ्यात दादाला ठोकळ्याच्या कडेवर कानशीचा एक ओरखडा दिसला. त्याने पाहुण्यासमोर धाकट्याच्या थोबाडीत इतक्या जोरात लगावली की ओठ फुटला. धाकटा ओठ पुसत भट्टीकडे गेला आणि आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. ठोकळा त्याने आगीवर धरलाच नाही, नुसता घासून चकचकीत केला. फुटला तर फुटू दे, चारचौघांत याचीही फजिती होऊ दे, असे तो पुटपुटला. मी ऐरणीवर होतो, मला सगळे ऐकू आले. मला तोंड असून काय उपयोग?

ठोकळा माझ्यावर बसवताना दादाने विचारले, "दुसरा ताव दिलास ना?"

"दिला," धाकटा म्हणाला आणि नेहमीपेक्षा दोन पावले मागे सरकला.

पहिला घण बसला. दुसऱ्या घणाला चांदीत घोड्याचे नाक उमटले. तिसऱ्याला ठोकळा बॉम्बसारखा फुटला. एक तुकडा भिंतीत घुसला आणि नखाएवढी एक कपची दादाच्या डाव्या डोळ्यात. दादा गुडघ्यांवर बसला. वहिनी आतून धावत आली, तिने त्याच्या चेहऱ्यावर कापड दाबून धरले, पण बोटांमधून रक्त वाहतच राहिले. डोळा गेला.

तीन आठवड्यांनी दादा पट्टी बांधून कारखान्यात आला. त्याने कोपऱ्यातला फुटका तुकडा उचलला आणि त्यावर कानस चालवली. दुसरा ताव दिलेल्या पोलादावर कानस थोडी तरी धरते. इथे ती कर्रकर्र घसरत गेली. दादाला कळायचे ते कळले. त्याने घण हातात घेतला आणि धाकट्याला हाक मारली. दारात उभी राहिलेली वहिनी घण खाली ठेवा म्हणून विनवत होती, पण तो ऐकण्याच्या पलीकडे गेला होता.

धाकट्याने काही नाकारले नाही. त्याने डावा पंजा माझ्या कडेवर पसरून ठेवला.

"मार, दादा. मला तुझी फजिती करायची होती. डोळा जाईल असं वाटलं नव्हतं."

घण वर गेला. नऊ वर्षे मी त्या हाताचा नेम ओळखत होतो. तो बोटांवर नव्हता. दादा शेजारी, माझ्या रिकाम्या कडेवर मारत होता, भावाला नुसता हादरवायला. पण एका डोळ्याला अंतर कळत नाही. घण दोन बोटांवर पडला आणि माझ्या पोलादावर ती चिरडून सपाट झाली.

दादाने घण भिरकावला आणि भावाचा तो हात छातीशी घट्ट धरला. "शेजारी मारत होतो रे. बोटं लांब दिसली मला."

"ठाऊक आहे," धाकटा दात आवळून म्हणाला.

त्या दिवसापासून कारखान्याला कुलूप आहे. दोघे एकाच घरात राहतात. जिना उतरताना धाकटा दादाला पायऱ्या सांगतो, आणि धाकट्याच्या शर्टाची बटणे दादा लावून देतो. वहिनी एकदा झाडायला आली, तेव्हा ती मला हे सांगून गेली. मला मात्र कुणी हात लावला नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादा ठसा, हातोडा, सुरी असेल, तर काम झाल्यावर त्यावर तेलाचे फडके फिरवा, आम्हाला तेवढे पुरते. आणि कधी रक्त सांडलेच, तर ते त्याच दिवशी पुसा. माझ्या कडेवरचे पुसायचे राहून गेले. गंज तिथूनच आत शिरला आणि आता घोड्याच्या अर्ध्या तोंडापर्यंत आला आहे.