वाट पाहण्याचे तीन शब्द

श्रीरंगनं क्लासच्या पुस्तिकेत छापलं होतं : वेट, होप, एक्स्पेक्ट. तिन्हींपुढे एकच अर्थ, वाट पाहणे. ते पान हाती पडल्यापासून भानुमतीबाईंच्या जिवाची लाही लाही होत होती. उभी हयात मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवण्यात गेली, आणि पोटचा पोर गच्चीवर पत्रे टाकून स्पोकन इंग्लिश चालवतो, तो असा!

"अरे, स्टॉपवर उभं राहून बसची पाहतात ते वेट. पाऊस पडो बाबा, असं मनात येतं ते होप. आणि पहिल्या तारखेला पगार होणारच, ते एक्स्पेक्ट. तिघांना एका दावणीला कसं बांधलंस?"

"आई, या मुलींना वाळूजच्या कंपनीत फोन उचलायचेत, प्राध्यापक नाही व्हायचंय. आणि या क्लासात तू घेतेस त्या तासाला बसतं कोण? मध्येच उठून जातात. आता एकदा जरी वर्ग रिकामा झाला, तर ती वेळ चारुताच्या कम्प्युटर बॅचला देणार. आधीच सांगून ठेवतो."

चारुता म्हणजे सून. तिनं मोबाइलमधून डोकं वर काढलं नाही, म्हणजे तिचं मत काय ते कळलंच.

मुली उठून जात ते काही कंटाळून नव्हे. सोळा सालचा उन्हाळा होता. मुली राहत त्या मागच्या वस्तीत नळाला पाणी कधी येईल याचा नेम नव्हता. आलं की घरातल्या सगळ्यांनी धावायचं. बाहत्तरच्या दुष्काळात भानुमतीबाई शाळेत नव्यानं लागल्या होत्या. तेव्हा ज्वारी मिळत नव्हती, रेशनवरची अमेरिकेची लाल मिलो खाऊन दिवस काढले, पण शाळेच्या आडाला पाणी होतं आणि मुली तास संपेपर्यंत जागच्या हलत नव्हत्या. तेव्हा क्रांती चौकापुढं दिवेलागणीनंतर एकटीनं जायची भीती वाटायची. आता तिथून पुढं इमारतींना अंत नाही. गाव फुगत गेलं आणि नळाची धार बारीक होत गेली.

तास गमवायचा नाही, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं. गल्लीतला नळाचा व्हॉल्व्ह फिरवायला महापालिकेचा कडुबा येई. त्याला ओट्यावर बसवून चहा पाजला.

"कडुबा, खरं सांग. पाणी कधी सोडणार?"

"शुक्रवारी सकाळी, बाई. बुधवारी तर नाय म्हंजे नाय."

झालं. बाईंनी बुधवार दुपारचा तास धरला.

तास रंगलाही. वस्तीतल्या मालनबाईची मेघा फळ्यापाशी उभी होती.

"मेघा, वडिलांची शिफ्ट सुटली, बस निघाली. तू काय करतेस?"

"एक्स्पेक्ट, बाई."

"शाब्बास. आणि तुझा भाऊ राजकुमार दहावी पास होईल म्हणतेस ते?"

"होप, बाई! लई होप!"

मुली खिदळल्या. बाईही हसल्या. इतक्यात खालून मालनबाईचा आवाज आला.

"मेघे! ए मेघे! पानी आलं! ऊठ की, का तुझं विंग्रजी प्यायचं आमी?"

बाकं सरकली, चपला वाजल्या.

"बसा खाली! पाणी शुक्रवारी आहे. कडुबानं सांगितलंय मला!"

"त्यानं सांगितलं व्हय," मेघा जिन्यातून ओरडली, "पर नळानं ऐकलं नाय ना, बाई!"

वर्ग रिकामा. दारात श्रीरंग. तो फळ्याकडं बघत होता.

बाईंचा संताप कडुबावर होता, नळावर होता, पोरींवर होता. पण खरा स्वतःवर. जन्मभर पोरींना ज्या चुकीबद्दल टोकलं, तीच त्यांनी केली होती. नळाच्या पाण्याला एक्स्पेक्ट लावला होता.

"दे चारुताला तास," त्या म्हणाल्या. चपला घालून त्या थेट मागच्या वस्तीत गेल्या.

तिथं दारोदार ड्रम मांडलेले, आणि पाइपातून करंगळीएवढी धार. मुली पाइप धरून नुसत्या ताटकळत उभ्या. बाई एका पालथ्या बादलीवर बसल्या.

"हं, मेघा. ड्रम भरेपर्यंत काय करतेस?"

"वेट, बाई."

"मोठ्यानं! पंपाच्या मोटारीच्या आवाजात ऐकू येत नाही."

"वेट!"

"सरका जरा, बाई, पातळ भिजंल," मालनबाई म्हणाली. "घरदार सोडून इथं कुठं शाळा मांडली?"

पलीकडच्या पाइपापासून एक मुलगी म्हणाली, "पर बाई, इंटरव्ह्यूला हे इचारत्यात का?"

"न का विचारेनात!" बाई कडाडल्या. "तुला कळायला नको?"

पोरीनं मान डोलावली. तिला कळलं की नाही, हे मात्र बाईंना कळलं नाही. पुढचा प्रश्न विचारेपर्यंत धार तुटली. पाइप गुंडाळले गेले. मेघाचा ड्रम अर्धाच राहिला होता.

"आता पुढचा तास कधी, बाई?" मेघानं विचारलं.

बाईंच्या ओठावर वार आला होता. तो त्यांनी गिळला.

"पाणी येईल तेव्हा. मला हाक मारा."

"बरं, मारीन."

शुक्रवार गेला, शनिवार गेला. वर गच्चीवर चारुताची बॅच सुरू झाली होती. बाई स्वयंपाकघराच्या, वस्तीकडं उघडणाऱ्या मागच्या खिडकीशी खुर्ची टाकून बसत.

"आई, जेवतेस ना?" श्रीरंग विचारी.

"तुम्ही घ्या जेवून," त्या खेकसत. "आणि तो टीव्ही बंद करा आधी. बाहेरचं काही ऐकू येत नाही."