इरल्याखालचा पाऊस

लोधिवलीत येसाजीच्या अंगणात आभाळाकडे तोंड करून उभा असतो ना, तो मीच. पर्जन्यमापक. डोक्यावर नरसाळं, पोटात बाटली. मला स्वस्थता म्हणून ठाऊक नाही. ढगाचा एवढासा तुकडा दिसला, तरी माझ्या जिवाची घालमेल सुरू होते.

पुण्याच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. पंच्याऐंशी सालच्या चैत्रात मुंबईच्या कचेरीतले एक साहेब मला जीपमधून इथे घेऊन आले. ओटा बांधून मला बसवलं आणि येसाजीला म्हणाले, "उपग्रह वरून ढगांचे फोटो पाठवतो. ते बघून वळीव कुठे येतोय, ते आम्ही तीन तास आधी सांगू. पण उपग्रहाला दिसतो ढगाचा माथा. खाली पाणी पडलं का, ते हे भांडं सांगणार. रोज सकाळी बाटलीत असेल तेवढंच कळवा. मनाचं काही घालू नका."

"नाय घालनार, सायेब," येसाजी म्हणाला.

मी तर फुगून गेलो. तो एवढा वरचा, आणि त्याचं माझ्यावाचून अडतं!

कचेरीचा फोन जवळच्या चौक गावच्या पोस्टात यायचा. टपालवाले आबाजी सायकल हाणत निरोप आणायचे. येसाजी सकाळी दूध घालायला चौकला जायचा, तेव्हा पोस्टातून आकडा कळवायचा.

येसाजीला या निरोपाची फार गरज होती. भाताचं रोप करायच्या जागेवर शेण, पालापाचोळा, गवत आणि वर माती असे थर देऊन राब भाजतात. त्याने तणाचं बी जळून जातं. पण राब भाजायच्या आधी भिजला, तर नुसता धुमसतो. मग रोपापेक्षा तणच जोरात.

वैशाखात आबाजी पहिल्यांदा धापा टाकत आले. "येसाजी, दोन वाजंपतूर सर येनार हाय रं!"

येसाजी ताडपत्री घेऊन शेताकडे धावला, पाल्याचा ढीग झाकायला. इकडे त्याची बायको गोदूबाई अंगणात भिरभिरली. पापड उचलले, गोवऱ्या झाकल्या. मग माझ्याकडे बघून थबकली.

"सरकारी भांडं हाय बाय. भिजून खराब झालं तर बोल आमाला."

आणि तिने लावणीच्या वेळी पाठीवर घ्यायचं आपलं पानांचं इरलं माझ्या डोक्यावर घातलं!

सर आली. इरल्यावर ताडताड वाजत राहिली. मी आत कोरडा ठणठणीत, चडफडत. पाऊस थांबल्यावर तिने इरलं काढून खुंटीला लावलं. येसाजी घरी आला तेव्हा मी होतो तसाच उभा होतो.

सकाळी त्याने बाटली उलटी केली. "पाऊस तर पडला. भांडं कसं कोरडं? जाऊ दे, सायबांनी सांगितलंय, भांड्यातलंच कळवायचं."

शून्य.

पंधरा दिवसांत असं तीनदा झालं. तीन निरोप, तीन सरी, तीन शून्यं. गोदूबाईची माया बघून मला रडूही येई आणि रागही. ओरडावं तर तोंडाला इरलं. मुंबईत त्यांनी ठरवून टाकलं की चौकवर ढग दिसतो, पण पडत नाही.

मग येसाजीने राबाचे थर रचले. भाजणार तेवढ्यात वारा सुटला. घाटाच्या बाजूला काळं दिसत होतं. गोदूबाई म्हणाली, "अवो, आताच पेटवा. काय तरी येतंय."

"वाऱ्यात कसा पेटवू? ठिणगी घरावर जायाची. फोन नाय आला, म्हंजे आज काय नाय. उद्या भाजू."

दोन वाजता आभाळ फाटलं. निरोप नव्हता, म्हणून इरलंही नव्हतं. त्या दिवशी मी पोटभर प्यायलो. बावीस मिलिमीटर! आयुष्यातला माझा पहिला खरा आकडा. आणि बांधावर येसाजी भिजलेल्या राबाकडे बघत डोक्याला हात लावून बसला होता. मला माझ्या पोटातल्या पाण्याची लाज वाटली.

बावीसचा आकडा बघून साहेब आले, तेव्हा गोदूबाईनेच इरलं दाखवलं. "दर टायमाला झाकलं हो मी. कंदी भिजू नाय दिलं."  साहेबांनी तिला सगळं नीट समजावून सांगितलं.  त्या पावसाळ्यात राबातलं तण तिने एकटीने उपटलं, कुणाला हात लावू दिला नाही.

पुढच्या वर्षी फोन बंद झाला. साहेबांची बदली झाली, कचेरीच्या वहीतली ती तीन शून्यं खोडायची राहून गेली, आणि मी इथेच राहिलो.

आज तीन वर्षं झाली. आभाळ भरलं की गोदूबाई आधी माझ्याकडे धावते, नरसाळ्यातलं पान-काडी वेचते. पापड भिजले तरी चालतात. सकाळी पाणी मोजपात्रात ओतून बोटाने रेघा मोजते. कळवायचं कुणाला? मग मान वर करून त्या उपग्रहालाच सांगते, "आज आट रेघा हायेत रं, वरच्या. लिवून घे."

तिचा आवाज तिथवर जात नाही. कुणाची त्या कचेरीत ओळख असेल, तर एवढं कळवा: चौकवर ढग दिसतो, तेव्हा पडतो.