साळुंकीच्या श्वासाची राखण

मित्रांनो, मी कफ ओढणारे एक जुने यंत्र आहे. नाक मुरडू नका. कफ कोणालाच आवडत नाही, पण तो कोणीतरी ओढून काढावाच लागतो. माझ्या पोटात मोटर, वर एक बरणी आणि तिला जोडलेली लांब नळी. सुरू झाले की मी असे घुरघुरते की शेजारच्या काकूंनी एकदा विचारले, "दिवसातून इतक्या वेळा मिक्सर कशाला लावता हो?"

कारखान्यातून मी दुकानात आले आणि दुकानातून एका मुलीचे बाबा मला खांद्यावर टाकून घरी घेऊन गेले. तिथे साळुंकी होती. तान्ही असताना ती अखंड बडबडे, म्हणून मामाने हे नाव ठेवले होते. पुढे मोठ्या दुखण्यात तिची श्वासनलिका आवळली. डॉक्टरांनी गळ्याला छिद्र पाडून नळी बसवली. जीव वाचला, आवाज गेला. नळीत कफ साठला की तिचे डोळे मोठे होत. मग आई मला सुरू करी आणि मी कफ ओढून घेई. साळुंकीचा चेहरा सैल पडला की मला धन्य वाटे.

शाळा घरासमोरच होती. मधल्या सुट्टीत साळुंकी खिडकीच्या गजांना कपाळ लावून उभी राही. तिकडे मुले पकडापकडी खेळत आणि इकडे हिचे पाय जागच्या जागी नाचत. आई ते पाही आणि उगाच कपड्यांच्या घड्या मोडून पुन्हा घाली.

एक दिवस आईने शाळा गाठली. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "घरीच शिकवा ना. हे यंत्र इथे चालवणार कोण?" आईने पालकांच्या सभेत बोलायची परवानगी मागितली. सभेला ती साळुंकीला आणि मला घेऊनच गेली. बोलता बोलता साळुंकीला कफ आला. आईने सर्वांसमोर मला सुरू केले, कफ काढला, हात पुसले.

"झालं. नाक शिंकरायला लागतो तेवढाच वेळ," ती म्हणाली.

एक गृहस्थ पुटपुटले, "आमची मुलं या आवाजाला घाबरतील."

"घाबरतील थोडे दिवस. मग सवय होईल. माझ्या मुलीला मात्र एकटं राहायची सवय होत चालली आहे, भाऊ."

साळुंकीला प्रवेश मिळाला. अट एवढीच, की आईने वर्गाबाहेर बसावे. आई बसली. पण तिचे समाधान झाले नाही. ती आजारी पडली की साळुंकीची शाळा बुडे. शिवाय इन्सुलिन घेणारी एक मुलगी आणि फिट येणारी जुळी भावंडे गल्लीत घरीच होती. त्यांच्या आयांना घेऊन आईने शिक्षणाधिकाऱ्यांकडे हेलपाटे घातले.

"एकेका मुलासाठी नर्स कुठून द्यायची?" साहेब म्हणाले.

"एकेकट्याच होतो, म्हणून तर इतकी वर्षं कोणी विचारलं नाही. आता मोजा, साहेब."

पुष्कळ चपला झिजल्या, तेव्हा शाळेला नर्सबाई मिळाल्या. त्यांच्या हाती मला सोपवून आई फाटकापर्यंत गेली आणि परत आली. "बरणी धुताना..."

"शिकलेय मी, ताई. तुम्ही या आता."

आई गेली. घरासाठी दुसरे यंत्र आले होते, त्यामुळे तो हात मला पुन्हा लाभला नाही. नर्सबाई प्रेमळ होत्या, पण घाम पुसत "झालं हं, राणी" म्हणणारा तो आवाज वेगळा होता.

साळुंकी मोठ्या शाळेत गेली. तिच्यासाठी बॅटरीवरचे हलके यंत्र आले आणि मी नर्सबाईंच्या कपाटात राहिले. तिच्या गळ्यातली नळी निघाली का? आवाज परत आला का? आला असेल तर कसा असेल? तिच्या इतक्या श्वासांची राखण केली मी, पण तिचा आवाज कधी ऐकला नाही. दारापलीकडून कोणी मुलगी भरभर बोलत गेली की वाटते, हीच असेल का?

मित्रांनो, तुमच्या वर्गात असे कोणी आले तर घाबरलात तरी चालेल, पण त्याच्या शेजारची जागा रिकामी ठेवू नका. आणि मोठ्यांना सांगून अधूनमधून माझी मोटर चालवून बघा. उद्या आणखी एखादी आई मुलाचा हात धरून दारात उभी राहील. त्या वेळी मी बंद पडलेले असायला नको.