बांगडीतला कांदा

सावळीराम आबा सटाण्याच्या एसटीतून नाशिकला उतरले, तेव्हा त्यांच्या एका हातात कांद्यांची पिशवी होती आणि दुसऱ्या हाताने त्यांनी एक लांबट काळी पेटी छातीशी धरली होती. कंडक्टरने वाटेत दोनदा सांगितलं होतं, "बाबा, ती पेटी वर ठेवा." आबांनीही दोनदा सांगितलं होतं, "कांदे ठेव वर. हिला नाय ठेवायची."

पेटीत दुर्बीण होती. रायफलीवर बसवायची.

त्यांची नात वेदिका बारा वर्षांची. इंदिरानगरच्या एका नेमबाजी क्लबात ती वर्षभर एअर रायफल शिकत होती. चार दिवसांपूर्वी तिचा रडवेला फोन आला होता. "आबा, रविवारी शेवटची चाचणी आहे. वीस छर्रे, दोनशे गुण. एकशे पंच्याऐंशी झाले तरच मी संघात. मग पुण्याला स्पर्धेला जायचं. दोन चाचण्या झाल्या, एकदा एकशे अठ्ठ्याहत्तर पडले, एकदा एकशे एकोणऐंशी."

"मग अडतंय कुठं?"

"मला नीट दिसतच नाही हो!"

आता नात म्हणते दिसत नाही, तर आजोबाने काय करावं? आबांनी मालेगाव गाठलं. दुकानदाराने काउंटरवर पाच दुर्बिणी मांडल्या. आबांनी प्रत्येक डोळ्याला लावून समोरच्या रस्त्यावरच्या पाट्या वाचल्या आणि सगळ्यांत लांबची पाटी जिच्यातून वाचता आली ती उचलली. कांदा असो की बैल, आबांनी आयुष्यात निवड करताना कधी घाई केली नव्हती. पण नेम किती लांबवर धरायचा, हे मात्र ते दुकानदाराला सांगायला आणि नातीला विचारायला विसरले होते.

ते त्यांना शुक्रवारी संध्याकाळी क्लबात गेल्यावर कळलं. लांबलचक खोली, एका टोकाला मुलं, दुसऱ्या टोकाला दिव्याखाली एकमेकांपासून हातभर अंतरावर टांगलेले कागद. मध्ये फक्त दहा मीटर.

"एवढंच?" आबा म्हणाले. "इथून तर मी कांदा फेकून मारीन."

मुलं खिदळली. प्रशिक्षक उज्वला मॅडमही हसल्या. "मारा की आबा. फक्त मधला पांढरा ठिपका खसखशीच्या दाण्याएवढा आहे, तेवढा फुटायला हवा."

वेदिकाला मात्र कधी एकदा ती दुर्बीण लावते असं झालं होतं. मॅडमनी रिकाम्या रायफलीवर ती बसवून दिली. वेदिकाने गाल टेकवला, एक डोळा लावला आणि ओरडलीच, "आबा! टार्गेट नाचतंय!"

मग आबांनी पाहिलं. समोर एक भलंमोठं, पुसट, काळं काहीतरी होतं. पाण्यात बुडालेल्या तव्यासारखं ते डावीकडे, उजवीकडे, वर, खाली झुलत होतं.

"बिघडकी दिली का काय त्याने?" आबांचा चेहरा उतरला.

"दुर्बीण उत्तम आहे," मॅडम म्हणाल्या. "पण ही लांबचं बघायला केलेली. दहा मीटरवरचं हिला पुसट दिसतं. आणि ती जशी टार्गेट मोठं करते तशी आपल्या हाताची थरथरही मोठी करते. शिवाय आबा, आमच्या स्पर्धेत दुर्बीण चालतच नाही."

"चालत नाही? मग पोरं बघतात कशातून?"

मॅडमनी वेदिकाची रायफल स्टँडवर ठेवून आबांना खुर्ची दिली. समजावून सांगायला त्यांना मनापासून आवडायचं. रायफलीच्या मागे एक चकती होती, तिला सुईने पाडल्यासारखं बारीक भोक. पुढे नळीच्या टोकाला एक कडी. मागच्या भोकातून पुढची कडी बघायची आणि कडीच्या आत टार्गेटचं काळं वर्तुळ मधोमध आणायचं. काच कुठेच नाही.

"आणि नीट दिसतं?"

"चष्मा काढा, आणि मूठ वळून तिच्या बारीक फटीतून तो भिंतीवरचा तक्ता वाचा."

आबांनी चष्मा काढला. तक्ता धुक्यात गेला. मूठ डोळ्याला लावली, फट बारीक केली, आणि अक्षरं हळूच धुक्यातून बाहेर आली. आबांनी मूठ काढली, पुन्हा लावली, पुन्हा काढली. "हाई काय शे!" ते आपल्या अहिराणीत पुटपुटले. सत्तर वर्षं स्वतःचा हात स्वतःजवळ होता आणि त्यात चष्मा आहे हे कुणी सांगितलं नव्हतं!

मग त्यांनी वेदिकाच्या रायफलीतून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"वर्तुळ कडीच्या मधोमध आलं हे कळतं कशावरून?"

"भोवती पांढरी फट दिसते ना आबा, ती चारी बाजूंनी सारखी हवी," वेदिका म्हणाली.

"फट कुठंय पण? मला तर नुसती अमावास्या दिसते."

"आहे हो. बारीक आहे."

मॅडमनी एक डबी उघडून आबांच्या पुढे धरली. आत वेगवेगळ्या मापांच्या दहा-बारा कड्या होत्या. "हिने सगळ्यांत लहान कडी लावलीय. मी तीनदा सांगितलं, मोठी घे. ऐकत नाही."

"सार्थकदादा हीच लावतो," वेदिका घाईने म्हणाली. सार्थक म्हणजे क्लबातला सगळ्यांत तयार मुलगा, दहावीतला. "मोठी कडी बच्चे कंपनीची असते. कडी जितकी घट्ट तितका नेम पक्का. आणि मोठ्या कडीत ते काळं सारखं हलताना दिसतं."

"त्याला चार वर्षं झाली, त्याचा डोळा वेगळा," मॅडम म्हणाल्या. मग आबांकडे वळून हलकेच, "मी बदलून देऊ शकते. पण पटलं नाही तर रविवारी सगळं लक्ष त्या कडीकडेच राहील तिचं."

सटाण्याला आबांच्या खळ्यावर चाळीस वर्षं कांद्याची निवड चालत आली होती. नवी बाई निवडीला बसली की तिला सांगून काही होत नाही, हे त्यांना पाठ होतं. तिच्यापुढे ढीग ओतायचा, हातात मापाची रिंग द्यायची आणि आपण चहा प्यायला निघून जायचं. परत येईपर्यंत कांद्यांनी तिला शिकवलेलं असतं.

शनिवारी सकाळी वेदिकाचे वडील दीपक यांनी ती दुर्बीण गॅलरीच्या कठड्यावर टेकवली, तर थेट पांडवलेण्याच्या पायऱ्या चढणारी माणसं दिसायला लागली. "तो निळा शर्टवाला तिसऱ्यांदा बसला," असं ते कंपनीला निघेपर्यंत घरभर ऐकवत होते. दुर्बिणीची सोय लागली. आबांचं मन हलकं झालं आणि ते स्वयंपाकघरात शिरले.

"सूनबाई, बांगड्या हायेत का? मापामापाच्या?"

शुभांगी पोळ्या लाटत होती. "कुणाला भरायच्या?"

"कांद्याला."

तिने सासऱ्यांकडे पाहिलं, मग गॅस बंद केला. ही गंमत पोळ्यांसाठी सोडण्यासारखी नव्हती. तिने डबा आणला. वेदिकाच्या लहानपणीच्या दोन-दोनच्या, तिच्या स्वतःच्या दोन-सहाच्या, आणि लग्नात कुणीतरी चुकून आणलेल्या ढगळ दोन-दहाच्या.

आबांनी खुर्चीच्या पाठीला कपड्यांचा चिमटा लावून त्यात सगळ्यांत लहान बांगडी उभी अडकवली. पलीकडे ओट्यावर पिशवीतला एक गरगरीत कांदा वाटीवर ठेवला. मग वेदिकाला जमिनीवर बसवून तिच्या हनुवटीखाली पुस्तकांची चळत दिली, आणि ओटा असा सरकवता येत नसल्याने खुर्चीच पुढे-मागे करून कांदा बांगडीत अगदी फिट्ट बसेल असं जमवलं.

"हं. आता तू डोळे मीट. तुझी आई कांदा केसभर सरकवेल, नायतर सरकवणार नाही. तू डोळे उघडायचे आणि लगेच सांगायचं. डावीकडे, उजवीकडे, का मधोमध. दहा खेपा."

"सोप्पंय."

पहिल्या खेपेला वेदिका बघतच राहिली. "मधोमध... थांबा... डावीकडे? थांबा ना!"

"लगेच, म्हटलं."

"डावीकडे!"

"मी हातच लावला नव्हता," शुभांगी म्हणाली.

दहा खेपा झाल्या. चार बरोबर आल्या. वेदिकाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, रडण्याचं नव्हे, टक लावून बघण्याचं. कांद्याची कड कुठे संपते आणि बांगडी कुठे सुरू होते हेच कळत नव्हतं.

आबांनी बांगडी बदलली. दोन-सहाची लावली. आता कांद्याभोवती खिडकीतल्या उजेडाची एक पांढरी गोल पट्टी उभी राहिली.

"उजवीकडे," वेदिका म्हणाली. "मधोमध. डावीकडे. डावीकडे. मधोमध. आई, तू वर उचललास का? उजवीकडे."

दहापैकी नऊ. चुकलेल्या एका खेपेवरून मायलेकींचं भांडणही झालं.

"आता ती ढगळ लावू?" आबांनी विचारलं. लावली. पुन्हा पाच चुकल्या. कांदा मैदानात उभ्या असलेल्या एकट्या गायीसारखा दिसत होता, मध्य कुठला ते कळेना.

वेदिकाने स्वतःच उठून दोन-सहाची बांगडी पुन्हा चिमट्यात लावली. "म्हणजे मी कांद्याकडे बघतच नव्हते आता," ती हळूहळू म्हणाली. "मी उजेडाकडे बघत होते. उजेड एका बाजूला जाड झाला की लगेच कळत होतं."

आबांनी मोठ्या कष्टाने स्वतःचं तोंड बंद ठेवलं. उत्तर पोराच्या तोंडून येत असताना मोठ्यांनी मध्ये बोलू नये.

"पण आबा, खरी रायफल हलते. मोठ्या कडीत ते हलणं दिसतं, मला भीती वाटते."

"लहान कडीत हलत नाही का?"

"हलत असेल. दिसत नाही."

"जित्या माणसाचा हात हलणारच, पोरी. सार्थकचाही हलतो. न दिसणाऱ्या हलण्याला कसं आवरशील? दिसलं तर निदान ते शांत कधी होतं ते तरी कळेल."

रविवारी सकाळी क्लबात वेदिकाने मॅडमकडून डबी मागून घेतली आणि एक-एक कडी लावून पाहिली. एकही मॅडमला विचारली नाही. चौथी तिला पटली. शेजारी सार्थक हातमोजा चढवत होता. "काय गं, बच्चे कंपनीत परत?"

"हो," वेदिका म्हणाली. "तिकडे उजेड जास्त आहे."

चाचणी सुरू झाली. आबा मागच्या बाकावर बसले. तोंडातून आवाज काढायचा नाही, अशी मॅडमनी सगळ्या पालकांना ताकीद दिली होती. आबांना लिलावात आयुष्यभर ओरडायची सवय. त्यांनी टोपी काढून दातांखाली धरली.

वेदिकाने रायफल उचलली. दहा सेकंद गेले. तिने छर्रा न सोडताच रायफल खाली घेतली. तिने श्वास घेतला, पुन्हा उचलली. टक्. सुताच्या दोरीवरून कागद सरसर तिच्याकडे आला, तिने तो काढला, नवा लावला, परत पाठवला. मग पुन्हा. कधी ती पटकन सोडायची, कधी दोनदा-दोनदा खाली घ्यायची. पण मॅडमनी फोनवर आबांना मागच्या चाचणीची चित्रफीत दाखवली होती, तिच्यात दिसलेलं ते डोळे चोळणं आज नव्हतं. अकराव्या छर्‍याला ती चक्क हसली.

वीस झाले. मॅडम टेबलाशी बसून एकेक कागद मोजू लागल्या. नऊ. दहा. नऊ. नऊ. आठ. दहा... वेदिका टेबलाच्या कडेला बोटं घट्ट धरून उभी होती. सार्थकही आपलं आवरून येऊन मागे उभा राहिला.

"एकोणीस कागदांचे एकशे पंच्याहत्तर," मॅडम म्हणाल्या आणि शेवटचा कागद त्यांनी दिव्याखाली धरला. छर्‍याचं भोक नऊच्या वर्तुळातच होतं, पण त्याची कड मधल्या ठिपक्याला लागलीय की नाही हे साध्या डोळ्याला सांगता येईना.

"नऊ," कुणीतरी मागून म्हणालं.

"दहा आहे," सार्थक म्हणाला. सगळ्यांनी वळून पाहिलं. तो लाजला. "म्हणजे... वाटतंय."

"वाटण्यावर काही नसतं," मॅडम म्हणाल्या. त्यांनी खणातून मापाची बारीक गोल सळी काढली. तिचं टोक भोकात बसवायचं. त्याची कड ठिपक्याला नुसती शिवली, तरी वरचा गुण. न शिवली, तर खालचा. त्यांनी सळी भोकात हळूच बसवली, वर भिंग धरलं आणि वाकल्या.

खोलीत पंख्याचा आवाज तेवढा ऐकू येत होता. वेदिका डोळे मिटून उभी होती. आबांनी टोपी आणखी आत घेतली.

मॅडमनी मान वर केली नाही. भिंग न हलवता त्यांनी वेदिकाचा दंड धरून तिला पुढे ओढलं. "माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. तूच बघ."

वेदिका वाकली. एक डोळा भिंगाला लावला. मग दुसरा लावला.

"फट नाहीये," ती कुजबुजली. "मॅडम, मध्ये फटच नाहीये! शिवलीय!"

"मग किती झाले?"

"एकशे पंच्याऐंशी!"

पोरांनी असा काही गलका केला की वरच्या मजल्यावरून कुणीतरी खाली वाकून पाहिलं. सार्थकने तिची वेणी ओढली, "पुण्याला माझ्या शेजारची जागा घेऊ नकोस, तू फार वेळ लावतेस!" आणि ती त्याला "मग तू लवकर संपव" म्हणत आबांकडे पळाली.

आबांना खूप काही बोलायचं होतं. पण तोंडात टोपी होती, आणि ती काढायचं त्यांच्या लक्षातच येत नव्हतं. नातीने गळ्याला मिठी मारली तेव्हा त्यांनी नुसती जोरजोरात मान हलवली. मग सगळा गलका ओसरून मुलं रायफली पेटीत ठेवायला लागली, मॅडमनी पुढच्या सरावाची वेळ फळ्यावर लिहायला घेतली, आणि त्या शांततेत मागच्या बाकावरून एकट्या आबांच्या टाळ्या सुरू झाल्या. बराच वेळ त्या थांबल्या नाहीत.