पाहुण्यांनी खाल्लेलं मटण

आमच्या संस्थेत सगळ्यांत खरं कोण बोलत असेल, तर स्वयंपाकघरातला जुना फ्रीज. हे मला त्या फेब्रुवारीत कळलं. तोवर मी त्याला नुसती दूध ठेवायची जागा समजत होते.

देशात कोण किती कमावतं, काय खातं, कुणाची पोरं शाळेत जातात आणि कुणाच्या आया परदेशात राबतात, हे शोधून काढायचं आणि सरकारला सांगायचं की पैसा इथे घाला, तिथे घालू नका, हे आमचं काम. ‘राजधानीत, बिश्केकमध्ये बसून उंटावरून शेळ्या हाकता तुम्ही,’ असं माझा नवरा म्हणतो. त्याच्याशी मी भांडते, कारण तो बरोबर असला की मला जास्त राग येतो.

त्या हिवाळ्यात सरकारपुढे एकच प्रश्न होता. नारिनकडच्या डोंगरी गावांत मुलांना जो हिवाळी भत्ता मिळतो, तो चालू ठेवायचा की बंद करायचा? आमची माणसं गावोगाव गेली. एकेका घरात आठवडाभर रोज जाऊन काय शिजलं ते लिहून परत आली. आकडे माझ्या टेबलावर आले, मी ते मांडले आणि बघतच राहिले. डोंगरातले लोक ऐन थंडीत राजधानीपेक्षा जास्त मटण खात होते.

आमचे संचालक सागिनबेक मामितोविच एवढे खूश झाले, की मी आकडे तपासायच्या आतच त्यांनी मंत्रालयात फोन करून टाकला. “गरिबी हटली की, आयजार्किन!” मला म्हणाले. “आणि आपल्या हातून हटली!”

त्याच दुपारी मी दूध ठेवायला फ्रीज उघडला, तर आत बोट शिरायला जागा नव्हती. नुसत्या पिशव्या. प्रत्येकीवर चिकटपट्टी आणि पट्टीवर नाव. आत गोठलेलं मटण. पाहणीवरून आलेला तालाय शेजारीच उभा राहून एक हाडूक चघळत होता.

“काय रे, कसायाचं दुकान काढलंस की काय?” मी विचारलं.

“केशिक आहे, ताई. गावातून निघताना बांधून दिलं सगळ्यांनी. सगळ्या पाहणीवाल्यांचं आहे. नाही कसं म्हणायचं?”

नाही म्हणताच येत नाही. आमच्याकडे जेवून उठलेला पाहुणा रिकाम्या हाताने जात नाही. घरी राहिलेल्यांचा वाटा त्याच्यासोबत बांधून द्यायचा, तो केशिक. माझ्या आईने जन्मभर बांधून दिला, मीही देते.

“प्रत्येक घराने दिलं?”

“प्रत्येक! ताश-कापका गावात ती बुरुल्चा आपा आहे ना, तिने तर मेंढी कापली. मी नको नको म्हणतोय, तर म्हणते, राजधानीचा माणूस माझ्या दारातून नुसत्या चहावर गेला तर गावात तोंड कसं दाखवू? वर मेंढीचं डोकं माझ्यापुढे ठेवलं, म्हाताऱ्यांच्या मानाचं! मला धड दाढी तरी फुटलीय का?”

“आणि त्या दिवशी कागदावर काय लिहिलंस?”

“जे शिजलं ते. मट...” तो चघळायचा थांबला. “अरे देवा.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, हे ऐकलं होतं. इथे कुत्र्याने पीठ खाऊन वर लिहूनही ठेवलं होतं, की बाई सुखात आहे, भरपूर दळते. मी सगळ्यांत मोठी पिशवी उचलली आणि तशीच नेऊन संचालकांच्या टेबलावर आदळली. ती त्यांचीच निघाली. पट्टीवर ‘सा. मा. साहेबांसाठी’ असं लिहिलेलं होतं.

“हे डोंगरातलं मटण,” मी म्हणाले. “आपण म्हणतोय ते लोक खातात. ते आपण खाल्लं, सागिनबेक मामितोविच. उरलं ते घरी आणलं.”

त्यांनी आधी पिशवी उचलून खिडकीबाहेर थंडीत ठेवली, वितळू नये म्हणून. मग म्हणाले, “आकडे खोटे आहेत का?”

“नाहीत. मटण शिजलं होतं.”

“मग झालं तर! कोणाच्या तोंडात गेलं, हा प्रश्न आपल्या पाहणीत नव्हता.”

“भत्ता बंद झाला तर कोणाच्या तोंडात काही जाणार नाही, हा आहे ना?”

खाई त्याला खवखवे. ते चिडले. उपमंत्री कुबात ओस्मोनोविच स्वतः ताश-कापकाला येणार होते. गावात, बुरुल्चा आपाच्या घरी, सुबत्ता डोळ्यांनी बघणार आणि तिथेच कॅमेऱ्यासमोर आमचा अहवाल स्वीकारणार. अहवालावर सही माझी हवी होती, कारण आकडे मी मांडले होते.

“सही करणार नाही,” मी म्हणाले.

“मग त्या खुर्चीवर दुसरं कोणीतरी बसेल.”

“बसू दे. खुर्चीला पाय चार असतील, मला माझे दोन पुरतात.”

असं बोलून मी बाहेर आले खरी, पण जिन्यात माझे तेच दोन पाय थांबले. माझी सही नसली तरी काय अडणार होतं? उपमंत्री जाणार, त्यांच्यापुढे मेंढी कापली जाणार, कॅमेरा ताटातल्या वाफेवर जाणार. त्यावर कोणता आकडा टिकला असता?

म्हणून मी आदल्या दिवशीच घाट चढून ताश-कापका गाठलं. बुरुल्चा आपाच्या घरात तीन नातवंडं. त्यांची आई मॉस्कोत शिवणकाम करते, पैसे येतात तेव्हा येतात. त्या भत्त्यावर घरातला कोळसा आणि पीठ चालतं. आपाने मला बघताच बसवलं आणि दस्तरखान पसरला. लोणी, जर्दाळूचा मुरंबा, तळलेले कणकेचे बोरसोक. मी हात लावला नाही. लोणी शेजारणीकडून धावत आणलेलं मी खिडकीतून पाहिलं होतं.

“आपा, उद्या मेंढी कापू नका.”

“का गं? मंत्र्याला मेंढीचं वावडं आहे? कापायला घोडा तर माझ्याकडे नाही.”

“रोज खाता तेच ठेवा त्यांच्यापुढे.”

“रोज काय खाते त्याच्याशी तुला काय करायचंय?”

“ते मटण बघतील आणि म्हणतील, यांना भत्ता कशाला? मागच्या वेळी आमच्या पोरांना घातलंत ना, त्यानेच तर हे सगळं झालं. तुमचं ताट तुमच्याच विरुद्ध साक्ष द्यायला उभं राहिलंय!”

आपा उठून उभी राहिली. उंचीने ती माझ्या खांद्याला लागते, पण त्या क्षणी मीच लहान झाले.

“माझ्या सासूने लढाईच्या वर्षांत शेवटचं मूठभर पीठ वाटसरूला भाजून घातलं. ती गेली तेव्हा सात गावं रडायला आली. आणि मी तिची सून, मंत्र्यापुढे बटाटे ठेवू? कॅमेऱ्यासमोर? तू माझ्या भल्यासाठी आलीस की तोंडाला काळं फासायला?”

“आपा, लाज त्यांना वाटायला हवी!”

“लाज ज्याच्या दारात घडते त्याची असते, पोरी. शिकलीस खूप, पण आईने काही शिकवलेलं दिसत नाही. चहा पी आणि नीघ.”

मी चहा प्यायले आणि निघाले. दाराशी मेंढी बांधलेली होती आणि आपाचा दीर दगडावर सुरी घासत होता. मला रडू येत होतं आणि त्या म्हातारीचा संतापही येत होता, कारण तिच्या जागी मीही तेच केलं असतं.

दुसऱ्या दिवशी गाड्या आल्या. उपमंत्री, आमचे संचालक, जिल्ह्याचा साहेब, कॅमेरेवाले, तालाय आणि मागे, रात्री गावातच राहिलेली मी. बूट काढून सगळे आत गेले. उपमंत्र्यांना दारासमोरच्या मानाच्या जागी बसवलं. दारात गावातल्या बायका दाटीवाटीने उभ्या होत्या. आपाने तांब्याने सगळ्यांच्या हातांवर पाणी घातलं. हात धुतले की मटण येतं, हे आमच्याकडे तान्ह्या पोरालाही ठाऊक असतं. जिल्ह्याचा साहेब हात पुसत म्हणाला, “आता खा साहेब, आपाच्या हातचं मटणाचं बेशबारमाक!”

आपा आत गेली आणि परात घेऊन आली. परातीत उकडलेले बटाटे होते. दुसऱ्या हातात रोटी, मिठाची वाटी. मग बिनदुधाचा चहा. सगळं तिने नीट मांडलं, मेंढीचं डोकं मांडावं तसं, आणि उभी राहिली.

दारातल्या एका बाईने तोंडावर ओढणी घेतली.

“आपा, मेंढी कुठाय?” जिल्ह्याचा साहेब दात आवळून म्हणाला.

“दाराशी आहे. येताना दिसली नाही तुला? ओरडत होती की.”

“आपा थट्टेखोर आहेत,” आमचे संचालक हसले. एकटेच हसले.

उपमंत्र्यांनी हळूच विचारलं, “आपा, आम्ही पाहुणे ना तुमचे?”

“नाही रे बाळा.” तिने ओढणीचं टोक मुठीत धरलं. “पाहुणा म्हणून आला असतास तर मेंढी तुझीच होती. ती नसती तर शेजाऱ्याची मागून आणली असती. पण तू मोजायला आलायस. मग मोज. हे आम्ही काल खाल्लं, परवा खाल्लं, उद्याही हेच खाऊ. मोज, आणि गरम आहेत तोवर खा.”

दारातली एक बाई मागे वळली आणि निघून गेली. मला वाटलं, आपाची लाज बघवली नाही तिला. पण ती परत आली ती हातात पातेलं घेऊन. आत कोरड्या शेवया, नुसत्या मिठाच्या. “आमचंही मोजा,” म्हणाली आणि पातेलं दस्तरखानावर ठेवलं. मग दुसरी गेली. तिने सलगम आणले. तिसरीने पुन्हा बटाटे. बघता बघता मंत्र्यांपुढे जागा उरली नाही. कॅमेरेवाल्याने कॅमेरा खाली केला, तशी एक म्हातारी त्याला म्हणाली, “का रे, मटणाचंच चित्र निघतं का त्यात?”

उपमंत्र्यांनी एक बटाटा उचलला, सोलला, मिठाला लावला आणि खाल्ला. आमच्या संचालकांनाही खावा लागला. शेवटी सगळ्यांनी ओंजळी उघडून दुवा मागितली, चेहऱ्यावरून हात फिरवले.

मला वाटलं, संपलं. पण गाडीपाशी आपा धावत आली. तिच्या हातात पुरचुंडी होती.

“केशिक,” ती म्हणाली. “घरी पोरं असतील ना तुझी.”

उपमंत्र्यांनी पुरचुंडी हातात घेतली. केशिक कोणालाच नाकारता येत नाही. आतले बटाटे अजून गरम असावेत, कारण त्यांची बोटं भाजत होती आणि त्यांना ती खाली ठेवता येत नव्हती. तशीच मांडीवर घेऊन ते गेले.

गाड्या वळणाआड गेल्यावर आपा उंबऱ्यावर बसली आणि हुंदके देऊन रडली. मी म्हटलं, “आपा, जिंकलात तुम्ही.”

“काय जिंकले? माझ्या दारातून माणूस उपाशी गेला. पुन्हा हे माझ्याकडून करवून घेऊ नकोस.” तिने डोळे पुसले. “आणि तूसुद्धा काल काही खाल्लं नाहीस. ते मी विसरलेली नाही.”

भत्ता त्या हिवाळ्यात बंद झाला नाही. पुढचं कोण सांगणार? अहवालात मी एक वाक्य घातलं: ‘नोंदवलेलं मटण नोंद करणाऱ्यांनी खाल्लं.’ संचालक म्हणाले, ते वाक्य काढ. मी म्हटलं, मटण पोटातून काढा, मी वाक्य काढते. वाक्य राहिलं, मी राहिले नाही. दुसऱ्याच आठवड्यात माझ्या खुर्चीवर कोणीतरी बसलं. फ्रीज तेवढा माझ्या हाताने पुसून आले.

डोंगरात गवत आलं तेव्हा बुरुल्चा आपाचा फोन आला. “ऐकलं, तुला काढून टाकलं म्हणे?”

“हो आपा.”

“मग आता मोजत नाहीस ना कोणाचं?”

“नाही.”

“मग ये. ती मेंढी अजून बांधलेलीच आहे.”

मी गेले. तिने हातांवर पाणी घातलं, मानाचा तुकडा माझ्यापुढे ठेवला आणि मी पहिला घास घेईपर्यंत माझ्या डोक्याशी उभी राहिली. मी नको म्हटलं नाही. पोट तुडुंब भरेपर्यंत खाल्लं आणि निघताना तिने बांधून दिलेलं दोन्ही हातांनी घेतलं.